टँकमधल्या फेऱ्या: आधी त्रास काढा, मग उत्साह टिकतो

एप्रिलात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि स्विमिंग टँकवर पाय ठेवायला जागा उरत नाही. जून उजाडला की गर्दी ओसरते. पास तीन महिन्यांचा काढलेला असतो, पण येणं तिसऱ्या आठवड्यातच तुटतं. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं, "वेळच मिळत नाही हो." त्यामागे बहुतेकदा वेगळंच काही असतं. गॉगलमध्ये पाणी शिरतं, नाकात जळजळ होते, दोन लेंथमध्ये (लेंथ म्हणजे टँकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर) धाप लागते, मान धरते आणि तळाच्या त्याच त्या निळ्या फरशा बघून जीव विटतो. यातली प्रत्येक गोष्ट दुरुस्त करता येते. ती दुरुस्त झाली की स्वतःला रोज ढकलावं लागत नाही.

पुढचं सगळं ज्यांना २५ मीटर न थांबता पार करता येतं त्यांच्यासाठी आहे. विहिरीत पाठीला भोपळा नाहीतर डबा बांधून शिकलेलेही त्यात आले. त्यांना पाण्याची भीती नसते, ही मोठी जमेची बाजू. मात्र डोकं वर ठेवून पोहण्याची सवय त्यांच्या अंगात मुरलेली असते आणि फेऱ्या वाढवायच्या तर तिच्यावर काम करावंच लागतं.

गॉगल, कॅप, कॉस्च्युम

गॉगलची परीक्षा दुकानातच घ्या. पट्टा डोक्याला न लावता नुसत्या वाट्या डोळ्यांवर हलक्या दाबा आणि हात सोडा. दोन-तीन सेकंद त्या चिकटून राहिल्या तर तो गॉगल तुमच्या चेहऱ्याला बसतो. लगेच गळून पडल्या तर पट्टा कितीही आवळा, पाणी शिरणारच. गळका गॉगल आवळत नेणं ही सगळ्यात नेहमीची चूक. त्याने कपाळ ठणकतं, डोळ्यांभोवती वळ उठतात आणि वाटीची मऊ कड मुडपून गळती उलट वाढते. पट्टा कानांच्या वर, डोक्यामागच्या उंचवट्यावर बसवा. दुपदरी असेल तर एक पदर उंचवट्याच्या वर आणि एक खाली घ्या. चांगला बसणारा गॉगलही गळायला लागला तर आधी कडेखाली केस किंवा कॅपची किनार आली आहे का ते बघा. एक केस पुरतो.

वाफ धरते त्याचंही कारण साधं आहे. काचेच्या आतल्या बाजूला वाफ न धरण्याचा पातळ लेप असतो आणि आपण बोटाने पुसून तो घालवतो. आतून कधीही पुसू नका. पाण्यात उतरण्याआधी बेबी शॅम्पूचा एक थेंब आत पसरवा आणि साध्या पाण्याने एकदाच विसळा. शॅम्पू नसेल तर थुंकी लावून विसळलेलंही चालतं. चेहरा गरम आणि पाणी गार असलं की वाफ लवकर धरते, म्हणून गॉगल चढवण्याआधी तोंडावर टँकचं पाणी मारून घ्या. उघड्या टँकवर उन्हात गडद काच बरी, पहाटे किंवा छताखाली पारदर्शक. चष्मा असणाऱ्यांनी नंबरचा गॉगल घ्यावा. कॉन्टॅक्ट लेन्स घालून पोहू नका, लेन्सखाली जंतू अडकून डोळ्याला गंभीर संसर्ग होऊ शकतो.

डोळे चुरचुरले की "आज क्लोरीन जास्त टाकलंय" असं म्हटलं जातं. बहुतेक वेळा भानगड उलटी असते. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात. नाकात बसणारा तो उग्र वास आणि डोळ्यांची आग त्यांचीच. मोकळं, म्हणजे अजून कशाशी संयोग न झालेलं, क्लोरीन १ ते ३ पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत एक ते तीन भाग) आणि पीएच ७.२ ते ७.८ या दरम्यान असेल तर पाणी डोळ्यांना फारसं बोचत नाही. टँकवर रोजची नोंद ठेवलेली असेल तर ती बघायला मागा. आपल्या हातात असलेला उपाय म्हणजे उतरण्याआधी साबण लावून अंघोळ. नुसतं पायावर पाणी घेऊन उडी मारणं म्हणजे दिवसभराचा घाम सगळ्यांच्या डोळ्यांत घालणं.

केसांना खोबरेल तेल चोपडून टँकवर जायची आपल्याकडे जुनी सवय आहे. तेलाचा तवंग पाण्यावर येतो, फरशांवर चिकट पट्टा धरतो आणि फिल्टरमधली वाळू तुंबते. त्याऐवजी कॅप घालण्याआधी केस साध्या पाण्याने चिंब भिजवा. आधीच पाणी प्यायलेला केस टँकचं पाणी कमी शोषतो. लांब केसांना सिलिकॉनची कॅप घ्या. कापडी कॅप केस गोळा करते, कोरडे ठेवत नाही.

कॉस्च्युम पॉलिस्टर किंवा पीबीटीचा (क्लोरीनला टिकणारं कृत्रिम कापड) घ्या. लायक्रा जास्त असलेला मऊ लागतो, पण क्लोरीनमध्ये लवकर सैल पडतो. सुती चड्डी किंवा टी-शर्ट पाणी पिऊन जड होतो आणि त्याचे तंतू फिल्टरमध्ये जातात. खिशांची हाफ पँट तर प्रत्येक हाताला बादली ओढल्यासारखी मागे खेचते. अंग झाकायचं असेल तर घोट्यापर्यंत येणारे पूर्ण बाह्यांचे स्विमसूट मिळतात, त्यात मजेत पोहता येतं. घरी आल्यावर साध्या पाण्यात विसळा, पिळू नका आणि सावलीत वाळवा. आपल्या मे महिन्यातल्या उन्हात गच्चीवर टाकलेल्या कॉस्च्युमचं इलॅस्टिक एका मोसमात संपतं. टॉवेलबद्दल सोलापूरकरांना काय सांगायचं! फक्त एवढं, की नवा टेरी टॉवेल दोन-तीन धुण्यांनंतरच नीट पाणी टिपतो आणि कपडे मऊ करायचं द्रव त्याला लावलं की ते टिपणं कमी होतं. एक मोठा आणि कान-केसांसाठी एक लहान, असे दोन ठेवा.

दम

सगळ्यात जास्त माणसं इथे गळतात, म्हणून हे सावकाश वाचा.

फ्रीस्टाइलमध्ये, म्हणजे पालथं होऊन हात आलटून-पालटून मारताना, धाप लागते ती बहुधा हवा आत कमी गेल्यामुळे नसते, आतली हवा बाहेर न सोडल्यामुळे असते. नवखा माणूस तोंड पाण्यात असताना श्वास कोंडून ठेवतो. मग तोंड वर आलं की त्या अर्ध्या सेकंदात आधी सोडायचा आणि मग घ्यायचाही प्रयत्न करतो. छातीत कार्बन डायऑक्साइड साचत जातो आणि गुदमरल्यासारखं तोच करतो. चार लेंथनंतर वाटतं, आपला स्टॅमिनाच नाही.

टँकच्या कडेला धरून उभे राहा. तोंड पाण्यात घाला आणि नाकातून "हुंऽऽ" असा हुंकार देत बुडबुडे सोडा, मनात चार मोजेपर्यंत. मग मान एका बाजूला वळवून तोंडाने चटकन श्वास घ्या, मनात एक म्हणण्याइतकाच. असं दहा वेळा करा, थोडं थांबा, पुन्हा दहा, असे तीन फेरे. हुंकार चालू असेपर्यंत नाकात पाणी शिरूच शकत नाही, कारण हवा सतत बाहेर येत असते. नाकात जळजळ होते त्यांनी चिमटा विकत घेण्याआधी आठवडाभर हे करून बघावं.

आता हेच पोहताना. श्वास घेताना एक डोळा, म्हणजे गॉगलची एक वाटी, पाण्यातच राहिली पाहिजे. डोकं पुढे सरकतं तेव्हा तोंडाच्या बाजूला पाण्यात एक खळगा तयार होतो. तिथे हवा असते, त्यासाठी डोकं उचलावं लागत नाही. डोकं उचललं की कंबर आणि पाय खाली जातात आणि पुढची लेंथ म्हणजे भिजलेलं पोतं ओढण्यासारखी होते. नजर सरळ तळाकडे, काळ्या रेषेवर ठेवा. सुरुवातीला दर दोन हातांनी एकाच बाजूला श्वास घेतला तरी हरकत नाही. सावकाश फेऱ्यांमध्ये दर तिसऱ्या हाताला घ्यायची सवय लावा. बाजू आलटून-पालटून येते आणि मान एकीकडेच धरत नाही.

पाय कमी मारा. मांडीचे स्नायू मोठे असतात आणि प्राणवायू तेच सगळ्यात जास्त खातात. लांब फेऱ्यांमध्ये पायांचं काम अंग आडवं ठेवण्यापुरतं. पाण्यावर फेस उडवणारे पाय दिसायला जोरदार, पण ते पहिल्या शंभर मीटरमध्येच दम संपवतात. पहिली लेंथ तर मुद्दाम इतकी सावकाश घ्या की शेजारच्या लेनमधला मुलगा पुढे गेला तरी चालेल. पहिल्या लेंथला केलेली घाई पुढच्या दहा लेंथना भोवते.

एक गोष्ट कधीही करू नका: भराभर खोल श्वास घेऊन मग पाण्याखालून किती लांब जातो याची पैज. भराभर श्वास घेतल्याने श्वास घ्यायची ओढ लागायला उशीर होतो आणि त्याआधीच प्राणवायू संपून माणूस पाण्याखाली बेशुद्ध पडू शकतो. चांगले पोहणारेच याला बळी पडतात.

दुखणी

मान धरण्यामागे बहुधा डोकं वर ठेवून केलेला ब्रेस्टस्ट्रोक (बेडकासारखं पोहणं) असतो. प्रत्येक हातानंतर तोंड पाण्यात घालून, हात पुढे ताणून, एक-दोन मोजेपर्यंत नुसतं सरका. मान सैल राहते आणि हातांची संख्याही कमी होते. याच स्ट्रोकमध्ये गुडघ्याची आतली बाजू दुखायला लागली तर गुडघे फार फाकवले जात आहेत. ते कंबरेच्या रुंदीइतकेच उघडा, टाचा नितंबांकडे आणा, मग तळवे बाहेर वळवून लाथ मारा. दुखणं असेपर्यंत फ्रीस्टाइल आणि बॅकस्ट्रोकवर राहा.

खांदा दुखतो तो बहुतेकदा हात डोक्यासमोरची मधली रेषा ओलांडून पलीकडे पडल्यामुळे, किंवा अंगठा खाली करून हात पाण्यात खुपसल्यामुळे. हात खांद्याच्या सरळ रेषेत, बोटांची टोकं आधी, असा घाला. हातात घालायचे पॅडल पहिल्या तीन महिन्यांत नकोतच. रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल तर चार दिवस विश्रांती घ्या. दोन आठवड्यांनीही तसंच असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

पोटरीत गोळा आला तर घाबरून हातपाय मारू नका. पाठीवर उलटे होऊन तरंगा, कडेला या, गुडघा सरळ करून पायाची बोटं स्वतःकडे ओढून धरा. गोळा सुटल्यावर त्या दिवशी सावकाशच पोहा. बोटं ताठ करून जोरात लाथा मारणाऱ्यांना आणि दमल्यावरही रेटणाऱ्यांना हे जास्त होतं.

रक्तदाब, हृदयविकार, मधुमेहाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून सुरू करा. फिट येणाऱ्यांनी एकट्याने पाण्यात उतरूच नये.

कंटाळा

हातमागाचा धोटा एकाच वाटेने हजारदा जातो-येतो. विणणारा त्या येरझाऱ्या मोजत बसत नाही, त्याचं लक्ष नक्षीवर असतं. फेऱ्यांनाही नक्षी द्या. "आज ४० लेंथ मारायच्या" असं म्हणून उतरणाऱ्याला अकराव्या लेंथला घड्याळ दिसायला लागतं. त्याच ४० लेंथ, म्हणजे २५ मीटरच्या टँकमध्ये एक किलोमीटर, अशा पाडून बघा:

- आधी २०० मीटर सावकाश, स्ट्रोक बदलत.
- मग २५ मीटरच्या आठ लेंथ, एक जोरात आणि एक आरामात, दोन लेंथमध्ये २० सेकंद विश्रांती.
- मग शिडी: २५, ५०, ७५, १००, ७५, ५०, २५. प्रत्येक पायरीनंतर २० सेकंद. ही एकूण ४०० मीटर होते.
- किकबोर्ड (तरंगती फळी) धरून नुसते पाय, चार लेंथ.
- शेवटी १०० मीटर बॅकस्ट्रोक, आकाशाकडे बघत.

शिडीतलं १०० गाठलं की पुढच्या पायऱ्या लहान होत जातात. पन्नाशीच्या माणसालाही तिथे हुरूप येतो, हे प्रत्येक टँकवर दिसतं. नवख्याने मात्र थेट इथे येऊ नये. आठवड्यातून तीन दिवस, पहिल्या आठवड्यात २५ मीटरच्या आठ लेंथ आणि प्रत्येकीनंतर ३० ते ४५ सेकंद विश्रांती. दुसऱ्या आठवड्यात बारा, तिसऱ्यात सोळा. चौथ्या आठवड्यात अंतर तेच, पण ५० मीटरचे चार तुकडे आणि उरलेल्या आठ लेंथ सुट्या. पुढे आठवड्याला शंभर मीटरच वाढवा. तुमचा टँक ५० मीटरचा असेल तर किलोमीटरला २० लेंथ. सोसायटी किंवा हॉटेलचा असेल तर लांबी आधी टेपने मोजा, तिथे २५ मीटर क्वचितच असतात.

मोजणी चुकते हीही चिडचिडच. कडेला दहा चिंचोके ठेवा. दर चार लेंथनंतर, म्हणजे शंभर मीटरनंतर, एक डावीकडून उजवीकडे सरकवा. दहाही पलीकडे गेले की किलोमीटर झाला. डोकं रिकामं करायला इतकी सोपी युक्ती दुसरी नाही. डोक्याला काम हवं असेल त्यांनी हात मोजावेत. एका लेंथला लागलेले हात आणि सेकंद यांची बेरीज करा, तिला स्वॉल्फ म्हणतात. २४ हात आणि ३४ सेकंद म्हणजे ५८. नुसते हात घाईने मारले तर सेकंद कमी होतात पण हात वाढतात, नुसतं सरकत राहिलं तर उलटं होतं. दोन्ही मिळून आकडा खाली आला तर पोहणं खरोखर सुधारलं. महिन्यातून एकदा, त्याच वारी, त्याच वेळी लिहून ठेवा.

जोर किती लावायचा? कडेला थांबल्यावर एक पूर्ण वाक्य बोलता आलं तर बरोबर. गप्पा मारता आल्या तर थोडा वाढवा, शब्दच फुटत नसेल तर कमी करा. पाण्यात नाडीचे ठोके जमिनीपेक्षा मिनिटाला दहाच्या आसपास कमी पडतात, म्हणून धावण्यासाठी घड्याळात लावलेला आकडा इथे गाठायला जाऊ नका.

लेन सामायिक असेल तर सगळे ज्या बाजूने फिरतात त्याच बाजूने फिरा. थांबायचं तर कोपऱ्यात थांबा, मधोमध नको, तिथे मागचा माणूस वळत असतो. मागच्याने पायाला हलकं बोट लावलं तर पुढच्या कडेला थांबून त्याला जाऊ द्या. लेनवरची भांडणं मिटली की अर्धा कंटाळा जातो.

घरातून निघणं

शहराच्या बऱ्याच भागांत नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि त्या सकाळी घरातून हलता येत नाही. तरीही लोक सोमवार-बुधवार-शुक्रवार असं पक्कं ठरवतात, पाण्याच्या वारी बुडतं आणि मग पुढचा वारही जातो. वार ठरवू नका, आठवड्याचे तीन ठरवा, आणि पाण्याचा दिवस आधीच वगळा. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस, घरची लग्नकार्यं, यांनाही तशीच मोकळीक द्या. आठवडाभर खंड पडला तर परत आल्यावर नेहमीच्या अंतराच्या दोन-तृतीयांशावर सुरू करा, म्हणजे अंग दुखून पुन्हा खंड पडत नाही.

पिशवी रात्रीच भरून दाराशी ठेवा. एक जादा गॉगल हवाच, कारण पट्टा तुटतो तो नेमका पहाटे साडेपाचला. गाडीच्या डिकीत गॉगल आणि कॅप ठेवून देऊ नका, मे महिन्याच्या दुपारी तिथे रबर मऊ पडून चिकटतं. जायचा अगदीच कंटाळा आला तर फक्त दहा मिनिटांसाठी जायचं असं ठरवा. दहा मिनिटांनी बाहेर यावंसं वाटलं तर खुशाल या. पाण्यात उतरलेला माणूस क्वचितच लगेच बाहेर येतो. आणि सोबत कुणीतरी हवं. ज्याला तुम्ही न येण्याचं कारण फोनवर सांगावं लागेल असं कुणीतरी.

जड जेवणानंतर दोन-अडीच तास जाऊ द्या. पहाटे जाणाऱ्यांनी अर्धा तास आधी एक केळं किंवा मूठभर भाजके शेंगदाणे खावेत, अगदी रिकाम्या पोटी डोकं हलकं होतं. पोहून आल्यावरची भूक खरी असते. कडक भाकरी, शेंगा चटणी, दही आणि एखादी उसळ पोटात गेली की वडापावच्या गाडीकडे पाय वळत नाहीत.

ऊन, वळीव, गारठा

पाण्यातही घाम येतो, तो दिसत नाही एवढंच. पाण्याची बाटली कडेला ठेवा आणि दर दहा-बारा लेंथनंतर दोन-तीन घोट घ्या. उन्हाळ्यात घरी येऊन मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत किंवा ताक प्या. उघड्या टँकचं पाणी मेच्या संध्याकाळी कोमट झालेलं असतं आणि कोमट पाण्यात जोर लावला की अंग तापतं, डोकं दुखतं. तेव्हा जोराच्या लेंथ सकाळी ठेवा. सनस्क्रीन पाण्यात टिकणारं, एसपीएफ ३० किंवा वरचं, उतरण्याआधी वीस मिनिटं लावा. कान, मानेची मागची बाजू आणि पोटऱ्यांच्या मागे विसरू नका, फ्रीस्टाइलमध्ये ऊन तिथेच बसतं.

वळवाचं आभाळ भरून गडगडलं की लगेच बाहेर या आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या. पाऊस पडून पाणी गढूळ झालं असेल आणि तळाची काळी रेषा दिसत नसेल तर त्या दिवशी उतरू नका. तळाला गेलेला माणूसही तशा पाण्यात दिसत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं पाणी चटका देतं. सूर न मारता पायऱ्यांनी उतरा, तोंडावर आणि मानेवर पाणी घ्या, पहिल्या सहा-आठ लेंथ हळू ठेवा.

बाहेर आल्यावर डोकं एका बाजूला कलवून कानाची पाळी मागे-वर ओढा आणि पाणी निथळू द्या, मग दुसरी बाजू. लहान टॉवेलच्या कोपऱ्याने बाहेरूनच टिपा. काडी, पिन किंवा किल्ली आत घालू नका आणि तेलही सोडू नका. आतली कातडी खरवडली गेली की तिथे ओलाव्यात जंतू वाढतात. पाळी ओढल्यावर कान ठणकला, खाज आली, आतून पाणी येत राहिलं तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा आणि ते सांगेपर्यंत टँक बंद. तेवढे दिवस सकाळी चालायला जा, पिशवीतले चिंचोके पिशवीतच राहू द्या.